छातीतील धडधड आणि रक्तातील साखर

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण भाग्यवंतालाच लाभते, अशा अर्थाची एक म्हण गुजरातेत फार दिवसांपासून प्रचारात आहे. ज्या शहराची सकाळ लोचो आणि खमण यांनी उजाडते, हिवाळ्यात जेथे पोंक आणि उंधियू यांची रेलचेल असते आणि शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चंदनी पडव्याला, घरोघर घारी खाल्ली जाते, त्या शहरात अंगातील साखर कमी पडण्याची गोष्ट काढणे कोणाला विचित्र वाटेल. परंतु गावात खाण्याची चंगळ असणे आणि प्रत्येकाच्या पोटात वेळेवर दोन घास पडणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. याच सुरतेत उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करणारी असंख्य माणसे आहेत. ओरिसा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्यांच्या जोडीला तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून येऊन येथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत पुष्कळ आहेत. त्यांचा डबा केव्हा उघडावयाचा हे भूक ठरवीत नाही. पाळी, धागा आणि ताका ठरवितात.

एकाएकी छाती धडधडू लागते, श्वास जलद होतो, हात कापतात, कपाळावर घाम येतो आणि आता आपले काही खरे नाही असे वाटू लागते. हा अनुभव पुष्कळांना केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी भोवती जमलेली मंडळी तीनपैकी एक निदान करून मोकळी होतात. कोणी म्हणतो, हृदयाचा झटका आला. कोणी म्हणतो, घाबरला आहे, दुसरे काही नाही. आणि कोणी म्हणतो, साखर कमी झाली, तोंडात पेढा घाला. ही तिन्ही निदाने कधी कधी खरी असतात. अडचण एवढीच, की तिन्ही एकाच वेषात येतात आणि वेषावरून त्यांची ओळख पटत नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ऑक्टोबर २०२३ मधील नवरात्रात गरबा खेळताना माणसे कोसळल्याच्या बातम्या गुजरातभर आल्या. त्या उत्सवाच्या पहिल्या सहा दिवसांत राज्यातील १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेकडे हृदयाच्या तक्रारींसाठी ५२१ आणि श्वास लागल्याच्या तक्रारींसाठी ६०९ दूरध्वनी आल्याचे वृत्तपत्रांनी त्या वेळी छापले होते. हे आकडे तक्रारींचे आहेत, कारणांचे नव्हेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. दूरध्वनी करणारा जे दिसते ते सांगतो. त्यापैकी कोणाचे हृदय खरोखर बिघडले होते, कोणाला गर्दीत गुदमरल्यासारखे झाले होते आणि कोण दिवसभराच्या उपवासावर मधुमेहाची गोळी घेऊन नाचावयास आला होता, हे त्या आकड्यांवरून समजणे शक्य नाही. ते समजण्यासाठी त्या माणसाची त्याच वेळी तपासणी व्हावी लागते. या विषयाचे सारे मर्म ‘त्याच वेळी’ या दोन शब्दांत आहे.

आता साखरेचा हिशेब पाहू. धडधाकट माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्या साऱ्या रक्तात मिळून ग्लूकोज असते फक्त चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचाभर. मेंदू एकटाच दर तासाला सुमारे पाच ग्रॅम ग्लूकोज खर्च करतो. केवळ रक्तातील शिल्लकीवर विसंबावयाचे झाले, तर तासाभरात दिवाळे वाजेल! तसे होत नाही, याचे कारण यकृत. जेवणानंतर आलेली साखर यकृत कोठारात साठविते आणि दोन जेवणांच्या मधल्या काळात चिमूट चिमूट रक्तात सोडते. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला यकृताचे हे कार्य उजेडात आणले. कोठार रिते होत आले, तर यकृत प्रथिनांतील घटकांपासून नवी साखर तयार करते, आणि उपवास लांबला तर मेंदूही चरबीपासून झालेल्या पदार्थांवर काही अंशी निभावून नेतो. म्हणूनच निरोगी माणसाचे एक जेवण चुकले, किंबहुना एकादशी निर्जळी झाली, तरी त्याच्या रक्तातील साखर सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरत नाही.

उपाशीपोटी ही साखर दर शंभर मिलिलिटर रक्तात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम असते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली गेली की सावध व्हावे आणि ५४ च्या खाली गेली की प्रकार गंभीर समजावा, असा आजचा संकेत आहे. साखर उतरू लागली की शरीर स्वस्थ बसत नाही. प्रथम इन्शुलिन आखडते घेतले जाते, मग स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात सोडले जाते. ही दोन्ही द्रव्ये यकृताला साखर सोडण्यास भाग पाडतात. परंतु ॲड्रेनलिनला एकच काम करून थांबता येत नाही. ते हृदयाला टाच मारते, हातांना कापरे भरविते आणि माणसाला बेचैन करून सोडते. त्याच वेळी मज्जातंतूंच्या द्वारे घाम सुटतो आणि भूक खवळते.

ॲड्रेनलिनचा आणि भीतीचा संबंध अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगांनी दाखवून दिला. शत्रू समोर आला की लढावे किंवा पळावे यासाठी शरीर ज्या द्रव्याच्या बळावर सज्ज होते, ते हेच. त्याच कॅनन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ मध्ये दुसरी गोष्ट सिद्ध केली. मांजराच्या हृदयाकडे जाणारे मज्जातंतू तोडून टाकल्यावरही, इन्शुलिन देऊन त्याची साखर खाली आणली की ते हृदय जलद धावू लागते. मेंदूचा निरोप तर तंतूंवाटे पोहोचणे शक्य नव्हते. तेव्हा तो रक्तातून आलेल्या ॲड्रेनलिननेच पोहोचविला होता. भूक आणि भीती यांचा दूत एकच आहे, हे त्यावरून ठरले. धडधडणाऱ्या छातीला स्वतःलाही सांगता येत नाही, की आपल्याला वाघ दिसला आहे की साखर संपत आली आहे.

या ज्ञानाला माणसाच्या जीविताचे मोल आले, ते इन्शुलिनमुळे. कॅनडातील टोरोंटो शहरी ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनची पहिली सुई टोचण्यात आली आणि मधुमेह म्हणजे मुलांना मृत्युदंड ही स्थिती पालटली. पण त्याच प्रयोगशाळेत सशांना इन्शुलिन अधिक झाले की त्यांना झटके येतात आणि ग्लूकोज देताच ते सावरतात, हेही दिसून आले होते. जीव वाचविणारे औषध मात्रा चुकली किंवा जेवण चुकले तर उलटते, हा धडा इन्शुलिनच्या जन्माबरोबरच मिळाला.

आता श्वासाकडे वळावयाचे. मनुष्य घाबरला की जलद आणि खोल श्वास घेऊ लागतो. श्वास अधिक घेतला म्हणजे प्राणवायू अधिक मिळेल, अशी समजूत असते. वस्तुतः निरोगी माणसाचे रक्त प्राणवायूने आधीच जवळजवळ भरलेले असते. जलद श्वासाने होते ते निराळेच. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू गरजेपेक्षा अधिक बाहेर फेकला जातो. हा वायू अगदीच टाकाऊ नाही. रक्ताची आम्लता बेताची ठेवणे आणि मेंदूतील रक्तवाहिन्या पुरेशा रुंद ठेवणे ही कामे त्याच्यावर सोपविलेली आहेत. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तातील मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण उतरते, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, आणि कधी कधी हाताची बोटे आपोआप आखडून जवळ येतात. ते पाहून रोगी अधिक घाबरतो, अधिक जलद श्वास घेतो, आणि हे रहाट असेच फिरत राहते.

मग साखर कमी होणे आणि धाप लागणे यांचा संबंध आहे की नाही? आहे, पण तो सरळ नाही. साखर उतरल्याने ॲड्रेनलिन वाढते, त्याने छाती धडधडते, त्या धडधडीने माणूस भेदरतो आणि त्या भीतीने श्वास वाढतो, अशी ही साखळी आहे. साखळीचे शेवटचे कडे कोणतीही भीती ओढू शकते. त्यासाठी साखर उतरावयासच हवी असे नाही.

ही गोष्ट तीन उदाहरणांनी स्पष्ट होईल. ती कल्पित आहेत, पण कोणत्याही मोठ्या रुग्णालयात अशा तऱ्हेचे रोगी नित्य येतात.

समजा, उधन्याच्या एका कारखान्यात पन्नाशी उलटलेला एक मागवाला आहे. मधुमेहासाठी तो रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेतो. ही गोळी स्वस्त आहे, गुणकारी आहे. पण ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. त्या दिवशी धागा पुन्हा पुन्हा तुटला. मजुरी मीटरवर, तेव्हा माग सोडून डबा उघडणे त्याच्या जिवावर आले. दुपारी चारच्या सुमारास त्याला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, हात कापू लागले आणि बोलणे असंबद्ध झाले. शेजारचा म्हणाला, “काही नाही भाऊ, गॅस झाला असेल. जरा पाणी प्या आणि पडून राहा.” त्याच क्षणी बोटातून रक्ताचा थेंब काढून पाहिला असता, तर साखर ४६ निघाली असती.

दुसरी समजा, नवरात्राचा उपवास करणारी, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी. दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी, मग काही नाही. रात्री गरब्याची गर्दी, उकाडा, मोठा आवाज. एकाएकी तिचा श्वास भराभर होऊ लागला, ओठ बधिर झाले, बोटे आखडली. मैत्रिणी म्हणाल्या, उपवासाने साखर उतरली. थेंब पाहिला, तर साखर ९२. साखर उतरलेलीच नव्हती. तिला पाणी हवे होते, मोकळी हवा हवी होती, आणि हळूहळू श्वास सोडावयास सांगणारे शांत माणूस हवे होते.

तिसरा समजा, वीस वर्षांचा एक तरुण. काही दिवस त्याला सारखी तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते, अंग उतरत चालले आहे. आज ओकाऱ्या झाल्या, आणि श्वास खोल व जलद चालला आहे. याचीही छाती धडधडते आहे. कोणी त्याला साखरेचे सरबत पाजावयास धावतो. थेंब पाहिला, तर साखर ४५०! हा मधुमेहातील आम्लविकार आहे. इन्शुलिन नसल्याने रक्तात आम्ले साचतात आणि ती उतरविण्यासाठी शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकीत राहते. येथे श्वासाची घाई भीतीची नाही; शरीर जीव वाचविण्याची धडपड करीत आहे. या मुलाला तासाभराचीही दिरंगाई न करता रुग्णालयात पोहोचविले पाहिजे.

तिघांच्या छातीत धडधड तीच, श्वासाची घाईही बाहेरून पाहणाऱ्याला तीच. आकडे मात्र ४६, ९२ आणि ४५०, आणि तिघांचे उपचार तीन दिशांना.

न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य ॲलन व्हिपल यांनी १९३० नंतरच्या दशकात स्वादुपिंडाच्या गाठींवर शस्त्रक्रिया करताना यासाठी तीन कसोट्या घालून दिल्या. साखर कमी होण्याची लक्षणे असली पाहिजेत. लक्षणे असतानाच मोजलेली साखर कमी निघाली पाहिजे. आणि साखर वाढविल्यावर लक्षणे गेली पाहिजेत. तिन्ही जुळल्यावाचून साखर कमी झाली असे म्हणू नये. या कसोट्या आजही प्रमाण मानल्या जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत जाऊन केलेल्या तपासणीत साखर योग्य निघाली, एवढ्याने आदल्या सायंकाळचे काही सिद्ध होत नाही. तसेच, काही गोड खाल्ल्यावर बरे वाटले, एवढ्यानेही साखर कमी झाली होती असे ठरत नाही; बसल्याने, पाणी प्याल्याने आणि कोणी तरी आपली काळजी घेत आहे या जाणिवेनेही पुष्कळांना बरे वाटते.

या कसोट्यांचा विसर पडला की काय होते, हे अमेरिकेत दिसून आले आहे. १९२४ साली सील हॅरिस या वैद्यांनी मधुमेह नसलेल्या माणसातही इन्शुलिन जास्त होऊन साखर उतरू शकते, असे प्रथम मांडले. ते खरे होते, पण क्वचित घडणारे होते. पुढे थकवा, चिडचिड, धडधड, उदासी या साऱ्यांचे खापर साखरेवर फोडण्याची तेथे लाट आली. अखेर १९७३ मध्ये तेथील वैद्यकीय संघटनांना एकत्र येऊन जाहीर करावे लागले, की या बहुसंख्य तक्रारींचे कारण रक्तातील साखरेची उणीव नव्हे. आपल्याकडेही बीपी लो आणि शुगर लो हे शब्द आता घरोघरी ऐकू येतात. न मोजता उच्चारलेले हे निदान दोन तऱ्हांनी घात करते. ज्याला रक्तक्षय आहे, थायरॉइड ग्रंथीचा विकार आहे किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष आहे, त्याचा खरा रोग मागे पडतो. आणि ज्याला कोणताच रोग नाही, तो मात्र उगाच गोड खात सुटतो.

मधुमेह नसलेल्यांची साखर कधीच उतरत नाही, असे मात्र नव्हे. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांची साखर भरपेट गोड खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांत खाली येऊ शकते. उपाशीपोटी मद्य घेणाऱ्याच्या यकृताला नवी साखर तयार करता येत नाही. तीव्र मलेरियात, विशेषतः क्विनीन दिलेल्या रोग्यात, साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. यकृत निकामी होणे, काही ग्रंथींचे विकार आणि स्वादुपिंडातील क्वचित आढळणारी गाठ हीही कारणे आहेत. धडधाकट दिसणाऱ्या माणसाला अशा लहरी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या, तर त्याने वैद्याकडून नीट तपासून घ्यावे.

खरा मोठा धोका मात्र मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनाच आहे, आणि त्यांची संख्या लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी माणसांना मधुमेह आहे. त्यांतील इन्शुलिन घेणारे, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणारे, यांनी हा विषय आपला समजावा. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका फार थोडा असतो. वय झालेल्यांना आणि मूत्रपिंड अधू झालेल्यांना या गोळ्यांचा परिणाम दिवसभर, कधी त्याहूनही अधिक, टिकतो. एकदा साखर दिल्यावर ते सावरले तरी काही तासांनी पुन्हा कोसळू शकतात. म्हणून त्यांना घरी न ठेवता रुग्णालयात नजरेखाली ठेवावे लागते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील गोळी घेणाऱ्यांत धडधड आणि कापरे ही इशाऱ्याची घंटाच दबून जाते. घाम तेवढा येतो. आणि ज्याची साखर वारंवार उतरते, त्याचे शरीर पुढे पुढे इशारा देणेच सोडून देते. असा मनुष्य धडधड न होताच एकदम गोंधळतो किंवा बेशुद्ध होतो.

प्रसंगी करावे काय, ते आता थोडक्यात. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याला अशी लक्षणे दिसली, तर हाताशी यंत्र असल्यास प्रथम बोटातील थेंब तपासावा. यंत्र नसेल तर वाट न पाहता साखर कमी आहे असे धरून चालावे. कारण साखर जास्त असताना तीन चमचे साखरेने तत्काळ मोठा अनर्थ ओढवत नाही, पण साखर कमी असताना दिरंगाई झाली तर मेंदूला इजा होते. पंधरा ग्रॅम ग्लूकोज, म्हणजे साधारण तीन-चार लहान चमचे ग्लूकोजची भुकटी किंवा साखर, पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अजून ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. सावरल्यावर पोळीभाजी किंवा भातवरण असे काही पोटात घालावे. पेढा, चॉकलेट, घारी यांतील स्निग्ध पदार्थांमुळे त्यांतली साखर उशिरा लागू पडते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल, तर साखर अथवा गूळ लवकर उपयोगी पडत नाही. ग्लूकोजच द्यावे लागते.

मनुष्य बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी, साखर, सरबत काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत उतरते. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. गुजरातेत ही सेवा २००७ पासून आहे. सुरतेत मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे अशा रोग्यांवर उपचार होतात.

छातीत कळ येत असेल, ती हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, ठोके एकाएकी फार जलद किंवा अनियमित झाले असतील, अथवा शुद्ध हरपत असेल, तर साखर कितीही निघो, हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. मधुमेही माणसास हृदयाचा झटका कळ न येता नुसत्या घामाने आणि धापेनेही येऊ शकतो. शिवाय ज्याचे हृदय आधीच अधू आहे, त्याच्या ठोक्यांत साखर उतरल्यानेच बिघाड होऊ शकतो. म्हणजे दोन निदाने एकाच वेळी खरी असणे संभवते.

घाबरून श्वास वाढलेल्या माणसाच्या तोंडाला कागदाची पिशवी लावण्याची जुनी रीत आता सोडून दिली आहे; त्याचा विकार हृदयाचा किंवा दम्याचा असेल, तर ती प्राणावर बेतते. त्याला बसवावे, गर्दी दूर करावी, नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडावयास लावावे. “काही झालेले नाही” असे त्याला दरडावू नये. त्याची बोटे खरोखरच आखडलेली असतात.

उपवासाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सुरतेत नवरात्राचे नऊ दिवस आहेत, जैनांचे पर्युषण आहे, रमजानचे रोजे आहेत, ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ आहे. यांपैकी कोणताही धर्म रोग्याचा प्राण मागत नाही. इस्लाममध्ये आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे. कॅथलिक धर्मसभेच्या नियमातही आजारी माणूस उपवासाला बांधलेला नाही. आणि घरातल्या आजाऱ्याने एकादशी मोडली म्हणून आपल्याकडील वडीलधारी माणसे त्याला कधी बोल लावीत नाहीत. तरीही ज्याला उपवास करावयाचाच आहे, त्याने महिनाभर आधी वैद्याला विचारून गोळीची वेळ आणि मात्रा बदलून घ्यावी. गोळी तीच, वेळ तीच आणि पोट रिकामे, हा मेळ सर्वांत घातक.

शाळांनाही यात कर्तव्य आहे. काही मुलांना लहानपणापासून दिवसातून अनेकदा इन्शुलिन टोचून घ्यावे लागते. असे मूल खेळाच्या तासानंतर फिक्कट पडले, चिडले, अक्षर वेडेवाकडे काढू लागले, तर तो खोडकरपणा नसेल; साखर उतरली असेल. त्याच्या दप्तरात ग्लूकोजची पुडी असावी आणि ती केव्हा द्यावयाची, हे वर्गशिक्षकांना ठाऊक असावे. मुलाला एकट्याने बाहेर पाठवू नये. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात साखरेच्या गोळ्या व फळे नेण्याची मुभा दिली. सुरत महानगरपालिकेच्या गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया अशा नाना भाषांच्या शाळांतून ही एवढी माहिती प्रत्येक शिक्षकापर्यंत पोहोचली, तर तिला खर्च काहीच नाही.

कारखान्यांचे तसेच आहे. प्रथमोपचाराच्या पेटीत पट्टी आणि मलम असते. त्यातच साखर मोजण्याचे लहानसे यंत्र आणि ग्लूकोजचे एक पाकीट ठेवावयास जागा पुष्कळ आहे. मधुमेही कामगाराला दुपारी ठरल्या वेळी दहा मिनिटे माग सोडून जेवता आले, तर त्यात मालकाचे नुकसान होते असेही नाही. कारण असा प्रसंग एकदा ओढवला की कामगार घाबरून गोळीच बंद करतो, साखर निमूटपणे चढत जाते आणि काही वर्षांनी त्याची किंमत डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांच्या रूपाने त्याच्या कुटुंबाला भरावी लागते. गोळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्या दिवसाचा आकडा, जेवणाची वेळ आणि गोळीची वेळ एका कागदावर लिहून तो वैद्याला दाखविणे हा उपाय आहे. वैद्याला त्या कागदावरून मात्रा ठरविता येते. नुसत्या “मला कसेसेच झाले होते” या वाक्यावरून ती ठरविता येत नाही.